हिरव्या बनातीवरचे रंग कोणी ठरवले?

जयपूर म्हटलं की मराठी माणसाला आधी अल्लादियाखाँसाहेब आणि जयपूर घराणं आठवतं. त्या संस्थानाच्या गुणीजनखान्यात गवई, बीनकार, पखवाजी पगारावर होते, हेही संगीतावरच्या पुस्तकांतून आपण वाचलेलं असतं. पण त्याच संस्थानाने एक बिलियर्ड्सपटूही पदरी बाळगला होता, हे वाचलं तेव्हा मी चाट पडलो. जॉन रॉबर्ट्स धाकटा (१८४७–१९१९) हा त्या काळातला इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला खेळाडू. तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला आणि जयपूरच्या महाराजांनी त्याला तहहयात दरबारी बिलियर्ड्सपटू नेमलं. खेळाच्या इतिहासकारांनी त्याच्या नोकरीच्या अटीही नोंदवून ठेवल्या आहेत. वर्षाला पाचशे पौंड, वर सगळा खर्च, आणि काम एवढंच की वर्षातून एक महिना जयपुरात येऊन खेळायचं. असा करार आजच्या एखाद्या खेळाडूला मिळाला असता तर त्याने तो फ्रेम करून भिंतीवर लावला असता.

या रॉबर्ट्ससमोरच्या टेबलावर रंगांचा म्हणावा असा थाट नव्हताच. बारा फूट लांब, सहा फूट रुंद टेबल, त्यावर हिरवी बनात आणि अवघे तीन बॉल. त्यांतले दोन पांढरे, एक लाल. दोन पांढरे म्हणजे दोन खेळाडूंचे आपापले स्ट्रायकर. कुणाचा कुठला हे कळावं म्हणून एका पांढऱ्यावर काळे ठिपके. त्याला म्हणायचं ‘स्पॉट’, दुसऱ्याला ‘प्लेन’. दोन्ही बॉल लांबच्या कुशनपाशी जाऊन थांबले की वाकून, डोळे बारीक करून ठिपका शोधायचा, कारण चुकून दुसऱ्याच्या बॉलला क्यू लागला तर फाऊल. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. स्वतंत्र भारताला कुठल्याही खेळात मिळालेला तो पहिला वैयक्तिक जगज्जेता. तेही या ठिपक्याच्याच जमान्यातले. पुढे कधीतरी शहाणपण सुचलं आणि ठिपक्याचा पांढरा जाऊन त्याच्या जागी चक्क पिवळा बॉल आला. आज बिलियर्ड्सच्या टेबलावर पांढरा, पिवळा आणि लाल दिसतात, आणि कुणालाही वाकून बघावं लागत नाही.

एवढी साधी सुधारणा व्हायला एवढा काळ का लागला? सवयीचा भाग आहेच. खेळाडू हा जगातला सर्वांत सनातनी प्राणी असतो. पण सवयीच्याही आधी होता हत्ती.

एकोणिसाव्या शतकातला चांगला बॉल हस्तिदंताचा असे, आणि तोही वाटेल त्या हस्तिदंताचा नव्हे. पूर्व आफ्रिकेतला, कारागीर ज्याला ‘मऊ’ म्हणत तो हस्तिदंत बॉलसाठी पसंत केला जाई. झांजिबारहून निघालेले सुळे बऱ्याचदा आधी मुंबई बंदरात उतरत आणि तिथून पुन्हा जहाजात चढून लंडनला जात. म्हणजे इंग्लंडातल्या क्लबात टकटक करणाऱ्या कित्येक बॉलांनी मुंबईची गोदी पाहिलेली होती. सुळ्याच्या मधोमध एक बारीक नस जाते, पेन्सिलीतल्या शिशासारखी. ती बॉलच्या नेमक्या केंद्रातून गेली तरच वजन सगळीकडे सारखं पडतं. म्हणून हत्तिणीचे बारीक, सरळ सुळे निवडायचे आणि त्या नसेवर डोळा ठेवून एकेक बॉल लेथवर कातायचा. एका सुळ्यातून चांगले बॉल निघत ते मोजकेच.

एवढं करूनही हस्तिदंत जिवंतच राहतो म्हणायचा. तो हवेतला ओलावा पितो आणि सोडतो, आणि लांबीच्या दिशेने जितका आक्रसतो तितकाच आडवा आक्रसत नाही. गोल बॉल कालांतराने किंचित लंबगोल होतो. नवे बॉल आणले की आठवडेच्या आठवडे त्याच खोलीत मुरू द्यायचे, मगच टेबलावर काढायचे. जयपूरसारख्या ठिकाणी, जिथे ज्येष्ठात हवा भाजून कोरडी होते आणि श्रावणात दमट, तिथे हस्तिदंताची काय त्रेधा उडत असेल याची कल्पना करा. बॉल वाकडा झाला की पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. आता रंगाकडे या. हस्तिदंत मुळात पांढरा. लाल हवा तर रंगात बुडवायचा, आणि तो रंग वरच्या थरात मुरतो, गाभ्यापर्यंत पोचत नाही. कातला की रंग गेला, पुन्हा रंगवा. अशा काळात दोन पांढऱ्यांवर भागत असेल तर तिसरा रंग कोण मागणार?

आणि तरीही एका पावसाळ्यात हिंदुस्थानातच टेबलावर रंगांची गर्दी झाली. साल १८७५, गाव जबलपूर. डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये अडकून पडलेले अधिकारी पैसे लावून तऱ्हेतऱ्हेचे खेळ खेळत होते. एक खेळ ‘पिरॅमिड्स’, त्यात त्रिकोणात लावलेले पंधरा लाल बॉल. दुसरा ‘लाइफ पूल’, त्यात प्रत्येक खेळाडूला स्वतःच्या रंगाचा एक बॉल. पिवळ्याने हिरव्याला मारायचं, हिरव्याने आणखी कुणाला. बॉल पॉकेटात गेला की एक ‘जीव’ गेला. या पूलमध्ये एक काळा बॉल घालून ‘ब्लॅक पूल’ खेळत. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झालेला तो वेगळा) या सगळ्याची मोट बांधली. पंधरा लाल, शिवाय पिवळा, हिरवा, गुलाबी, काळा. निळा आणि तपकिरी नंतर येऊन मिळाले. स्नूकर जन्माला आला तो असा.

मला यातली गंमत वाटते ती अशी की हे रंग कुणी विचार करून निवडलेच नाहीत. मेसच्या डब्यात पूलसाठी आणलेले रंगीत बॉल पडून होते, तेच वापरले. लाल एक गुण, पिवळा दोन, हिरवा तीन, तपकिरी चार, निळा पाच, गुलाबी सहा, काळा सात ही उतरंड आज जगभर मुलं पाठ करतात. तिच्या मुळाशी सौंदर्यशास्त्र नाही, हाताशी असलेलं सामान आहे. आणि हा नवा खेळ इंग्लंडात पोचायला कुणाचा हात लागला? जयपूरच्या त्याच दरबारी खेळाडूचा. १८८५ मध्ये कोलकात्यात कूचबिहारच्या महाराजांबरोबरच्या जेवणात रॉबर्ट्सची आणि चेंबरलेनची गाठ पडली आणि रॉबर्ट्सने नियम समजून घेतले. ही हकीकत स्वतः चेंबरलेनने १९३८ साली ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून सांगितली.

योगायोग पाहा. स्नूकरमध्ये गुलाबी बॉल आला तो १८७५ मध्ये. लगेच पुढच्या फेब्रुवारीत प्रिन्स ऑफ वेल्स जयपूरला येणार म्हणून सवाई रामसिंह दुसरे यांनी अख्खं शहर गुलाबी रंगवलं, असं सांगतात. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. पण जयपुरात कुणी पिंक पॉट केला की मला ही दोन सालं शेजारी शेजारी दिसतात, त्याला माझा इलाज नाही.

हत्तीची गोष्ट मात्र फार दिवस चालणारी नव्हती. १८६० च्या दशकातच अमेरिकेतल्या एका टेबल बनवणाऱ्या कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. जॉन वेस्ली हायट नावाच्या छपाई कामगाराने ते मनावर घेतलं. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळतं. प्रक्रिया पुरती झाली तर त्याचाच गनकॉटन, म्हणजे स्फोटक होतो. हायटने सुरुवातीच्या बॉलांवर याच पदार्थाचा लेप दिला. पुढे कापूर मिसळून त्याने सेल्युलॉइड केलं. लेपाच्या बॉलांचा किस्सा त्याने उतारवयात स्वतःच सांगितला आहे. चकाकी आणि ताकद टिकावी म्हणून त्या लेपात रंगद्रव्याखेरीज काही घातलं नव्हतं, आणि तेही अगदी थोडं. परिणामी बॉलवरचा रंग म्हणजे जवळजवळ शुद्ध गनकॉटनच. पेटती सिगार टेकली की भडका. क्वचित दोन बॉल जोरात आपटले की टोपीच्या बंदुकीसारखा बार. कोलोरॅडोतल्या एका सलूनवाल्याने त्याला पत्र लिहिलं की आवाजाचं माझं काही म्हणणं नाही, पण प्रत्येक बाराला खोलीतला एकूण एक माणूस पिस्तूल उपसतो.

हेच सेल्युलॉइड पुढे सिनेमाची फीत झालं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला तो नायट्रेटच्याच फितीवर, आणि २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या नायट्रेट फिती आगीत गेल्या तेव्हा त्या पदार्थाने आपला मूळ स्वभावच दाखवला. बिलियर्ड्सच्या बॉलसाठी सुरू झालेली खटपट आपल्या चित्रपटसृष्टीच्या पाळण्यापर्यंत येऊन पोचते, हे मला अजूनही पुरतं पचलेलं नाही. व्यावसायिक खेळाडू मात्र १९२० च्या दशकापर्यंत हस्तिदंतालाच धरून बसले. नकली बॉल हाताला ‘तसा’ लागत नाही, ही तक्रार तेव्हाही होती.

आजचा बॉल फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या रेझिनचा असतो. १९०७ मध्ये लिओ बेकलंडने बनवलेल्या बेकेलाइटचाच हा वंशज. बेल्जियममधल्या कालनेल या छोट्या गावातली सालुक ही कंपनी ‘अ‍ॅरामिथ’ नावाने हे बॉल काढते. जगातले नावाजलेले बहुतेक संच तिचेच. तिच्या सांगण्यानुसार एका बॉलला तेरा टप्प्यांतून जावं लागतं आणि तेवीस दिवस लागतात. इथे रंगाचा प्रश्न मुळापासून सुटला, कारण रंग वरून द्यायचाच नाही. द्रव रेझिनमध्येच रंगद्रव्य कालवून बॉल ओतायचा, भट्टीत कडक करायचा, मग घासून घासून मापात आणायचा. रंगच चेंडू होतो. पूलच्या बॉलवरचे आकडे आणि पट्टेही छापलेले नसतात, आतपर्यंत गेलेले असतात. म्हणून वर्षानुवर्षं आपटूनही पुसत नाहीत. स्वस्तातले पॉलिस्टरचे बॉल दिसायला सारखेच, पण बॉल घसरतो तेव्हा कापडाशी त्याच्या एका बिंदूवर २५० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता होते, असं हीच कंपनी सांगते. हलका माल तिथे झिजतो, आणि पार्लरमधल्या टेबलाच्या कापडावर ब्रेकच्या जागी पांढुरके ओरखडे उमटतात ते त्या उष्णतेचेच.

रंगाने वजनही बदलतं. पांढऱ्यात एक द्रव्य, काळ्यात दुसरं, दोघांची घनता वेगळी. म्हणून स्नूकरच्या नियमात बॉलचा व्यास ५२.५ मिलिमीटर, त्यात मागेपुढे फक्त ०.०५ मिलिमीटर, आणि एका संचातल्या सगळ्या बॉलांच्या वजनात तीन ग्रॅमपर्यंतच फरक चालतो. मोठ्या स्पर्धांसाठी आता एका ग्रॅमच्या आतले संच निघाले आहेत. पट्टीचे खेळाडू ‘हा पांढरा जड आहे’ असं म्हणतात तेव्हा ते नेहमीच सबब सांगत नसतात. इंग्लंडात नाणं टाकून खेळायच्या पूल टेबलांवर तर पांढरा मुद्दाम लहान असतो. तो चुकून पॉकेटात गेला तर आकारावरून ओळखून यंत्र तो परत देतं. स्नूकरवाल्याला असल्या टेबलावर खेळायला लावणं ही क्रूर चेष्टा आहे.

पण खेळाडूंची खरी भांडणं डोळ्यांवरून होतात. हिरव्या बनातीवर लाल बॉल उठून दिसतो, कारण आपली दृष्टी लाल आणि हिरवा यांना एकमेकांविरुद्धच तोलते. पिवळ्याचं तर विचारूच नका. उजेडात डोळा सर्वांत जास्त दाद देतो ती पिवळसर हिरव्या प्रकाशाला, त्यामुळे पिवळा बॉल लांबूनही हाक मारतो. हिरवा हिरव्यावर दिसतो तो त्याच्यावरच्या चमकेमुळे आणि खालच्या सावलीमुळे. अडचणीचा आहे तो तपकिरी. लाल-हिरव्याचं रंगांधत्व असलेल्या माणसाला तपकिरी आणि लाल यांत फरक कळत नाही, आणि हे रंगांधत्व पुरुषांत स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. २००२ चा जगज्जेता पीटर एब्डन रंगांध, तीनदा जगज्जेता झालेला मार्क विल्यम्सही तसाच. रंगावरच चालणाऱ्या खेळात रंग न दिसणारे दोघे शिखरावर जातात! विचारलं तर पंचाने अशा खेळाडूला बॉलचा रंग सांगावा, अशी सोय नियमातच आहे. बाकी वेळ ते बॉलची जागा लक्षात ठेवतात. तपकिरीची जागा ठरलेली असते, मात्र तो लालांच्या घोळक्यात शिरला की पंचाईत.

टीव्हीच्या कॅमेऱ्याचंही एके काळी असंच होतं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर लाल, हिरवा, तपकिरी सगळे करडे. १९६९ मध्ये बीबीसी टूने ‘पॉट ब्लॅक’ ही मालिका काढली ती मुख्यतः लोकांनी रंगीत टीव्ही घ्यावेत म्हणून, आणि तिला हिरवा कंदील दाखवणारे डेव्हिड अ‍ॅटनबरो, म्हणजे प्राण्यांच्या माहितीपटांतले तेच. खेळाने टीव्ही विकले आणि टीव्हीने खेळाला घराघरांत नेलं. आपल्याकडे रंगीत टीव्ही १९८२ च्या एशियाडबरोबर आला, म्हणजे गुलाबी आणि तपकिरी यांतला फरक पडद्यावर दिसायला आपल्याला आणखी तेरा वर्षं थांबावं लागलं.

रंगीत कॅमेराही अमेरिकन पूलपुढे अडखळला. पूलच्या संचात दोन नंबर निळा, चार नंबर जांभळा, आठ नंबर काळा. तीन नंबर लाल, सात नंबर गडद मरून. दुरून आणि दिव्याखाली जांभळा काळ्यात बुडतो, मरून लालात. म्हणून टीव्हीच्या संचात चार गुलाबी झाला आणि सात फिकट बदामी. इथून पुढे खेळाडूंचे दोन तट पडले. जुन्यांचं म्हणणं, चार जांभळाच हवा, डोळ्याला वळण लागलंय. नव्यांचं म्हणणं, पुढचा बॉल एका नजरेत कळला पाहिजे. मी नव्यांच्या बाजूचा आहे. गुलाबी चार दिसायला बालिश वाटतो हे कबूल, पण टेबलावर बॉल ओळखू येणं हे शोभेपेक्षा मोठं. ज्यांवर संगमरवरासारखी नक्षी असते ते संच मात्र दिवाणखान्यातच शोभावेत. त्या नक्षीत बॉलची फिरकी नजरेला सापडत नाही. उलट ज्या पांढऱ्यावर सहा लाल ठिपके असतात तो घ्यावा. मारल्यावर ठिपके कसे फिरतात ते पाहून साइड किती लागली, स्क्रू किती लागला हे नवशिक्यालाही कळतं. एके काळी दोन पांढरे वेगळे ओळखायला लावलेला ठिपका आता फिरकी दाखवायला परत आला आहे.

रंग कुठलाही असो, तो स्वच्छ नसेल तर सगळं व्यर्थ. आपल्या क्लबांतले मार्कर हे जाणतात. दोन बॉल जिथे टेकतात तिथे खडूचा कण आला की क्षणभर ते एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि ठरलेल्या कोनात न जाता भलतीकडे उडतात. खेळाडू याला ‘किक’ म्हणतात आणि हरल्यावर हमखास आठवतात. फ्रेम सुरू होण्याआधी मऊ कापडाने एकेक बॉल पुसून जागेवर ठेवणारा मार्कर त्या फ्रेमचं निम्मं नशीब पुसत असतो.

आता वाचकांना एक विनंती. जुन्या वाड्यात, संस्थानी बंगल्यात किंवा एखाद्या जिमखान्याच्या बंद कपाटात पिवळट पडलेले जड बॉल सापडले, तर ते उजेडात धरून बघा. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषांची जाळी दिसली आणि समोरासमोरच्या दोन टोकांना नसेचा टिपका दिसला, तर तो हस्तिदंत आहे. तो विकायला काढू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हत्तीच्या हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताचाही. बॉल शंभर वर्षांचा असला तरी पुढे काय करायचं ते आधी वन विभागाला विचारा.